अनुभव धागा: 'आता आपल्या दोघांत तिसऱ्या माणसाची गरज आहे' हे तुम्हाला कधी कळलं?

रानजाई

बरेच दिवस लिहू की नको करत होते. मागच्या महिन्यात दोन मैत्रिणींनी वेगवेगळ्या वेळी मला एकच प्रश्न विचारला, की तुम्ही दोघं काउन्सेलरकडे गेलात ते नेमकं कधी ठरवलंत, आणि मला दोघींनाही धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

आमचं सांगते. लग्नाला ११ वर्षं, पुण्यात राहतो, दोघंही नोकरी करतो, मुलगी तिसरीत. मारहाण नाही, दारू नाही, बाहेर काही नाही, सासूसासरे गावी आणि स्वभावाने चांगले. त्यामुळे कुणाला सांगायला गेलं तर "अगं मग प्रॉब्लेम काय आहे" हेच ऐकू यायचं. घरखर्चाची आमची एक शेअर केलेली शीट आहे, दूध, पेपर, शाळेची व्हॅन, घराचा हप्ता सगळं त्यात. कधीतरी आम्ही त्या शीटच्या कॉमेंटमध्ये भांडायला लागलो. मी १,८०० रुपयांचे पडदे टाकले की बाजूला त्याची कॉमेंट, "गरज होती?" मी खाली लिहायचे, "तुझ्या ट्रिपची होती?" आणि रात्री जेवताना दोघं एकदम शांत. "भाजी वाढू?" "नको." एकदा नव्या शेगडीवरून एकाच रकान्यात २३ कॉमेंट झाल्या, मी ऑफिसात बसून चोविसावी टाइप करत होते आणि तेव्हा लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत आम्ही तोंडाने एकमेकांशी एवढं बोललेलोच नाही. त्याच दिवशी त्याला फोन केला, म्हटलं आपण कुणालातरी भेटूया, तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "बघ नंबर."

पहिल्या भेटीत मी ती शीटच उघडून दाखवली. मॅडमनी एकही आकडा बघितला नाही, फक्त विचारलं की "गरज होती?" हे वाचलं की तुम्हाला काय होतं. मी म्हटलं राग येतो. त्या काहीच बोलल्या नाहीत, थांबून राहिल्या, आणि मग माझ्या तोंडून आलं की बाबा आईला हिशेबाच्या वहीवरून रोज रात्री सुनवायचे आणि मी बाजूच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक धरून ऐकायचे. ११ वर्षांत नवऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा तो दहावीत होता, वाण्याकडे उधारी मागायला त्याला पाठवायचे, हे मला माहीत होतं, पण त्याचा माझ्या पडद्यांशी काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. दर १५ दिवसांनी एक अशी ९ सेशन झाली, एकाचे १,५०० रुपये. शीटमध्ये आता फक्त आकडे असतात. भांडणं अजून होतात पण समोरासमोर होतात.

तुमचे अनुभव लिहा. चांगले, वाईट, अर्धवट सोडलेले. आयडी बदलून लिहिलंत तरी चालेल. काउन्सेलरची, डॉक्टरांची नावं मात्र नकोत.

सातपूर_शिफ्ट

धागा काढला बरं केलं ताई. मी नाशिकचा, कंपनीत तीन पाळ्यांत काम. बायको दोन वर्षं म्हणत होती जाऊया आणि मी दोन वर्षं नाही म्हणत होतो. माझं म्हणणं असं की आपण काय वेडे आहोत का, आणि आपल्या घरातलं परक्या बाईसमोर कशाला काढायचं, आणि खरं कारण हे की मला वाटायचं तिथे दोघी बायका मिळून मला धरतील.

आमचं एकच भांडण होतं. आई बायकोला काहीतरी बोलायची, बायको रात्री मला सांगायची, मी म्हणायचो आईचं वय झालं, मग ती रडायची, मी गच्चीत जायचो. विषय वेगळा असायचा, कधी डबा, कधी माहेरचा पाडवा, पण शेवट हाच. सहा वर्षं. शेवटी तिने "जाऊया का" विचारणं सोडलं. मला आधी बरं वाटलं, की चला मिटलं. नंतर बघितलं तर तिने काहीच सांगणं सोडलं होतं, आई काय बोलली तेही नाही आणि दिवस कसा गेला तेही नाही. मी नाइटवरून येऊन झोपायचो, उठायचो तर ताट झाकलेलं. तेव्हा मी स्वतः म्हणालो की चल, जाऊ.

तिथे एक प्रकार करायला लावला. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, आणि मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. मला ते पोरखेळ वाटलं. तिसऱ्या भेटीत बायको बोलली आणि मी परत सांगितलं की तुझं म्हणणं आहे मी आईची बाजू घेतो. ती म्हणाली, "नाही. मी म्हणाले तू उठून जातोस." मॅडम म्हणाल्या परत सांगा. मी परत तेच म्हणालो. ती परत म्हणाली, उठून जातोस. मित्रांनो, सहा वर्षं ही बाई मला एक गोष्ट सांगत होती आणि मी दुसरीच ऐकत होतो. तिला आईला रागवायला नकोच होतं माझ्याकडून. तिला मी तिथे बसायला हवा होतो.

आई अजून बोलते. मी गच्चीत जात नाही. कधीकधी पाय शिवशिवतात, पण बसतो.

निळी_छत्री

वाचतेय. एक प्रश्न आहे सगळ्यांना. नवरा यायलाच तयार नसेल तर? आमच्यात सगळे उपाय करून झालेत, मोठ्यांची बैठक पण झाली, त्यात माझे मामा आणि त्याचे काका एकमेकांशीच भांडले. नवरा म्हणतो तुला जायचं तर तू जा, मला काही झालेलं नाही.

समईची_वात

मी याच क्षेत्रात काम करते, १४ वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर.

निळी_छत्री, एकटीने जाऊन उपयोग होतो. सगळं सुटत नाही, पण दोघांच्या भांडणात आपली पावलं कुठली आहेत ते दिसतं आणि ती बदलली की समोरच्याची आपोआप थोडी बदलतात. शिवाय बायको जाऊन येते, घरी येऊन आपल्या नावाने खडे फोडत नाही, हे बघून नंतर आलेले नवरे मी बरेच पाहिलेत. नवऱ्याला सांगताना "तुला गरज आहे" असं न म्हणता "मला आपल्यासाठी मदत हवी आहे" म्हणून बघा. आणि एकाच भेटीचं मागा. "एकदा ये, नाही पटलं तर परत म्हणणार नाही." हा शब्द दिलात तर पाळा.

कधी यावं, तर सातपूर_शिफ्ट यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. भांडण हे लक्षण म्हणून तेवढं वाईट नसतं. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलायला बसवून अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात त्यांना चार गोष्टी घातक वाटल्या: माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणं, तुच्छतेने बोलणं, प्रत्येक गोष्टीवर स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यातली तुच्छता सगळ्यात वाईट. आपल्याकडे ती ओरडून येत नाही, पाहुण्यांसमोर हसत हसत येते. "हिला काय कळतंय त्यातलं", "ह्यांना विचारून काय उपयोग". हे तुमच्या घरात रोजचं झालं असेल तर वाट बघू नका. गॉटमन असंही सांगतात की जोडप्यांचे बहुतेक वाद कायमचे असतात, ते संपत नाहीत. म्हणून "काउन्सेलिंगला गेलो आणि वाद संपले नाहीत" याचा अर्थ ते फसलं असा नाही.

साधारण कसं चालतं: पहिली भेट दोघांची, मग बहुतेक जण एकेकाला वेगळं भेटतात, मग पुन्हा एकत्र. वेगळ्या भेटीत सांगितलेलं गुपित जोडीदाराला सांगणार का, हे आधीच विचारून घ्या, प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. निवाडा कुणी देणार नाही. जो देईल तिथून उठा.

भारतात 'काउन्सेलर' ही पाटी कुणीही लावू शकतं अशी आजवरची स्थिती आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नंबर मागता येतो. बाकीच्यांना शिक्षण काय, जोडप्यांसोबत काम करायचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे फोनवरच विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि एक कळकळीने. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, जोडीदाराची भीती वाटत असेल तर दोघांनी एकत्र बसायचं समुपदेशन ही पहिली पायरी नाही. दारूचं व्यसन असेल तर आधी त्याचे उपचार.

पंचगंगेकाठी

समईची_वात यांनी शेवटी लिहिलंय त्यावर मला बोलायचंय. नवीन आयडी काढून लिहितेय.

मी कोल्हापूरकडची. आमच्याकडं हात उचलणं लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून होतं. माहेरच्यांनीच एका समुपदेशकांकडं नेलं, भावाच्या ओळखीचे होते. त्यांनी आम्हा दोघांना एकत्र बसवलं आणि मला म्हणाले ताई मोकळेपणानं बोला, इथं कुणी काही म्हणणार नाही. मी बोलले. खरंच मोकळी होऊन बोलले, पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. नवरा मान खाली घालून बसलेला, दोनदा सॉरी म्हणाला. समुपदेशक म्हणाले, बघा, चांगला माणूस आहे, तुम्हीपण थोडं आवाज न चढवता बोलत जावा. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. दार लावल्यावर काय झालं ते मी लिहीत नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी कुणालाच काही सांगितलं नाही, कारण माझ्या डोक्यात बसलं की सांगितलं की मार वाढतो. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी, मुलाच्या वर्गशिक्षिका, महिलांच्या हेल्पलाइनचा १८१ नंबर दिला. तिथून महिला कक्ष, मग संरक्षण अधिकारी. २००५ चा कायदा आहे कौटुंबिक हिंसाचाराचा, त्यात घरात राहायचा हक्क, खर्च, संरक्षणाचा आदेश सगळं मागता येतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, मला वाटायचं पोलिसात गेलं म्हणजे लगेच घटस्फोट. तिथल्या ताईंनी पहिल्याच भेटीत नवऱ्याला बाहेर थांबवलं आणि मला एकटीला विचारलं, "आज घरी परत जायची भीती वाटते का?"

हा प्रश्न त्या पहिल्या समुपदेशकांनी विचारायला हवा होता. एवढंच सांगायचं होतं. जाण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. बोलल्यावर घरी काय होईल याची भीती वाटत असेल तर दोघांनी मिळून जाऊ नका, एकट्या जावा.

रानजाई

पंचगंगेकाठी, तुझा हात हातात घेतेय. तू हे लिहिलंस त्याबद्दल काय बोलू. आता कशी आहेस?

पंचगंगेकाठी

बरी आहे ताई. मुलगा आठवीत आहे. स्वतःचं शिवणकाम आहे.

हडसनपार

आम्ही न्यू जर्सीत. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले, सुरुवातीला वर्क परमिट नाही, त्यामुळे इंडियात टीम लीड असलेली मी इथे दिवसभर घरात आणि तो संध्याकाळी सातला यायचा आणि मी दारातच सुरू व्हायचे. आमची खूण अशी की आम्ही दोघंही वीकेंडला लोकांना जेवायला बोलवायला लागलो होतो, दर शनिवारी, कारण चार माणसं असली की आम्ही दोघं छान असायचो. एका शनिवारी स्नो पडला, सगळ्यांनी कॅन्सल केलं, आणि १४ जणांची पावभाजी घेऊन आम्ही दोघं त्या घरात बसलो होतो आणि मला अक्षरशः भीती वाटली की आता रविवार रात्रीपर्यंत काय करायचं.

त्याच्या कंपनीच्या एम्प्लॉयी असिस्टन्स, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मदत योजनेतून पाच सेशन फुकट मिळाली, नंतर खिशातून, कारण आमचा इन्शुरन्स कपल्स थेरपीला पैसे देत नव्हता, एकाला काही निदान असेल तरच. थेरपिस्ट अमेरिकन, फार चांगली बाई. पण एक अडचण आली ती सांगते कारण बाहेर राहणाऱ्यांना उपयोगी पडेल. आम्ही भांडतो मराठीत आणि सांगायचं इंग्लिशमध्ये. ती विचारायची तो नक्की काय म्हणाला. तो म्हणाला होता, "बरं बाई, तुझंच खरं." मी सांगितलं, "ओके, यू आर राइट." ती म्हणाली, मग त्याने मान्य केलं की! आता तिला 'तुझंच खरं' कसं समजावू. टोमणा, रुसणं, अबोला, हे तीन शब्द समजावण्यात आमचं एक अख्खं सेशन गेलं. पण मजा म्हणजे ते समजावताना आम्ही दोघं एकाच बाजूला होतो. अबोला म्हणजे काय हे सांगताना तो म्हणाला, "इट्स नॉट सायलेन्स, शी इज वेटिंग." मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला कळत होतं की मी वाट बघत असते!

मराठी थेरपिस्ट शोधायचा प्रयत्न केला पण इथे लायसन्स राज्याचं असतं, तुम्ही राहता त्या राज्याचं लागतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यातली कुणी मिळाली तरी बरेचदा अडतं. मिळालं आपल्या भाषेतलं कुणी तर बघा, नाही मिळालं तरी थांबू नका.

औंढ्याचा_रस्ता

आमच्या भागात समुपदेशक वगैरे काही नाही, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. आमचा विषय मूलबाळाचा. लग्नाला सात वर्षं, तपासण्या संभाजीनगरला झाल्या आणि कमी माझ्यात निघाली. घरात मात्र सगळे बायकोलाच बोलत होते आणि मी गप्प होतो, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. तिने पण कुणाला सांगितलं नाही, माझी लाज राखली. लोकांना वाटायचं लई समजूतदार जोडपं आहे. खरं तर आम्ही बारशाची निमंत्रणं आली की दोघंही काहीतरी काम काढायचो, तिचं डोकं दुखायचं, माझी मोटर बिघडायची, आणि त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्यांदा आयव्हीएफ फसलं तेव्हा क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला थांबवून घेतलं. तोवर मला वाटायचं त्या फक्त सह्या घेण्यासाठी आहेत. आयव्हीएफसारख्या उपचारांच्या २०२१ च्या कायद्यात क्लिनिकने जोडप्याला समुपदेशन द्यायचंच आहे, हे नंतर कळलं, म्हणजे तुमच्या क्लिनिकने दिलं नसेल तर मागा. पुढची सेशन मोबाईलवर. घर एकत्र कुटुंबाचं, नऊ माणसं, बोलायला जागा नाही, तर आम्ही शेतात पाणी द्यायचं निमित्त करून जायचो आणि विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीत बसायचो, रेंज दारातच यायची म्हणून दारात दोन पोती टाकून. चौथ्या वेळी बाईंनी बायकोला विचारलं तुम्हाला यांच्याकडून काय पाहिजे. मला वाटलं ती म्हणेल दवाखाना परत करू. ती म्हणाली, "ह्यांनी एकदा घरात खरं सांगावं."

सांगितलं. आईला सांगायला मला तीन आठवडे लागले. मूल अजून नाही. आता आम्ही बारशाला जातो, अर्धा तास बसून येतो.

ठाण्याची_आजी

मुलांनो, मी ६३ वर्षांची आहे, सून मला हे वाचायला देते. समुपदेशन हे तरुणांचंच असं कुणी समजू नये म्हणून लिहिते. आमचे हे निवृत्त झाले आणि वर्षभरात घर नकोसं झालं. सतत चिडचिड, माझ्या प्रत्येक कामात चूक, मग दिवसदिवस न बोलणं, रात्री तीनला उठून बसणं. मी धरून चालले की ३५ वर्षांनी आता आमचं पटेनासं झालं. मुलाने दोघांना नेलं. त्या बाईंनी दोन्ही वेळा यांना झोप, भूक, वजन हेच विचारलं, आणि म्हणाल्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, हे भांडण नाही, हा आजार असू शकतो. डिप्रेशन निघालं. गोळ्या सुरू झाल्या, दीड-दोन महिन्यांत माणूस हळूहळू परत आला, आणि मग आम्ही समुपदेशनाला बसलो, कारण त्या वर्षभरात मी जे बोलले होते तेही काही कमी नव्हतं. ते मला कुठेतरी ठेवायचं होतं.

पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि टेलि-मानस म्हणून १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात.

उशिरा_आलेला

माझा अनुभव वेगळा आहे, मोडलेल्या लग्नाचा. आम्ही गेलो होतो, सहा वेळा. पण मी जाताना मनात ठरवून गेलो होतो की वेगळं व्हायचं, आणि जात होतो ते फक्त "मी सगळे प्रयत्न केले" असं म्हणता यावं म्हणून. बायको मात्र खरोखर प्रयत्न करायला येत होती, घरचा अभ्यास लिहून आणायची. चौथ्या वेळी समुपदेशकांनी मला एकट्याला विचारलं की तुम्ही इथे कशासाठी येता, आणि मी खोटं बोललो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिचे चार महिने मी घेतले.

शेवटी सहमतीने घटस्फोट झाला, पुण्यात कौटुंबिक न्यायालयात. तिथे अर्ज केल्यावर विवाह समुपदेशकांकडे पाठवतात, मला वाटायचं नुसता सोपस्कार असेल. पण त्या बाईंनी आमचं लग्न जोडायचा हट्ट न धरता एक तास फक्त मुलाबद्दल घेतला. शाळा, सुट्ट्या, गणपती कुणाकडे, आजारी पडला तर निर्णय कोण घेणार. सहा महिने थांबावं लागतं, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते काही परिस्थितीत माफ होऊ शकतं, आमच्या वकिलांनी विचारलंही, पण आम्ही ते मागितलं नाही, त्या सहा महिन्यांत हे सगळं नीट लिहून काढलं. मुलगा आता दहावीत आहे, दोन्ही घरात त्याचं टेबल आहे.

ज्यांनी मनात ठरवलंय त्यांनी ते तिथे जाऊन खरं सांगा. वेगळं होण्यासाठीही ती मदत मिळते.

सातपूर_शिफ्ट

दादा, हे लिहायला हिंमत लागते.

निळी_छत्री

सगळ्यांचं दोनदा वाचलं. पंचगंगेकाठी यांचा प्रश्न मी खरंच स्वतःला विचारला. भीती नाही वाटत मला त्याची. एकटं वाटतं. समईची_वात यांनी सांगितलं तसं काल बोलले, की मला आपल्यासाठी मदत हवी आहे आणि एकदाच ये. तो टीव्ही बघत होता, हो पण म्हणाला नाही आणि नाही पण म्हणाला नाही, फक्त आवाज कमी केला. मी आज फोन केला. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ मिळाली आहे, फोनवर शिक्षण आणि नोंदणी विचारली, बाई अजिबात रागावल्या नाहीत. पत्ता त्याला पाठवून ठेवलाय. दोन निळ्या टिका आल्यात.

रानजाई

शुक्रवारी लिही गं. आम्ही इथेच आहोत.